दुखलं म्हणजे ताकद आली का?

(वस्ती-गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



शिबिराच्या पत्रिकेत कायदा, रेशन आणि हिंसाचार यांच्या मधोमध व्यायामाचा विषय बघून काही जणी हसल्या. तो मीच आग्रहाने घालायला लावला. आमच्या वस्तीत दोन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा बायकांचा वजनांचा व्यायाम चालतो. वाळू भरलेल्या बाटल्या, कुणी तरी दिलेली जुनी डंबेल्स आणि समाजमंदिराची फरशी, एवढंच साहित्य. पंचविशीपासून साठीपर्यंतच्या बाया येतात. तिथे मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा, "ताई, काल व्यायाम केला पण आज काहीच दुखत नाही. मग लागू पडला का?" पाठोपाठ दुसरी म्हणते, "दोन दिवस जिना उतरवत नव्हता. मला नाही झेपायचं हे." एक दुखत नाही म्हणून नाराज, दुसरी दुखतं म्हणून घरी बसलेली. दोघींचं माप एकच आहे, दुखणं. आणि ते मापच खोटं आहे.

शरीरात काय होतं ते आधी बघू. सवय नसलेलं काम पडलं की स्नायूंच्या तंतूंना अगदी बारीक इजा होते. स्नायू लांबत असताना जोर लावावा लागला तर ती जास्त होते. म्हणजे वजन उचलण्यापेक्षा ते सावकाश खाली आणताना. जेजुरीहून आल्यावर मांड्या भरून येतात ना, त्यात पायऱ्या चढण्यापेक्षा उतरण्याचा वाटा मोठा असतो. हे दुखणं लगेच येत नाही. बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि मग आपोआप ओसरतं. आपण म्हणतो 'अंग आंबलं'. जिममध्येही सांगतात की स्नायूंत आम्ल साठतं म्हणून दुखतं. ते खरं नाही. जोराच्या व्यायामात तयार होणारं लॅक्टिक आम्ल तासा-दीड तासात निघून गेलेलं असतं, आणि दुखणं येतं दुसऱ्या दिवशी! थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने हे दुखणं स्नायूंमधल्या बारीक इजेमुळे असावं, असं १९०२ सालीच मांडलं होतं.

पुढची गोष्ट महत्त्वाची. तोच व्यायाम पुन्हा केला की दुखणं कमी होतं, कारण स्नायू त्या कामाला सरावतो. दुखणं थांबतं, ताकद मात्र वाढतच राहते. आमच्याकडे एक भाजी विकणाऱ्या मावशी आहेत. पाण्याच्या लिटरच्या बाटलीपासून, म्हणजे एक किलोपासून सुरुवात केली. पहिले दोन आठवडे दंड दुखले, नंतर नाहीत. आज त्या पाच किलो डोक्याच्या वर दहा वेळा नेतात. दुखण्यावरून ठरवलं असतं तर त्यांची प्रगती तिसऱ्याच आठवड्यात थांबली, असं म्हणावं लागलं असतं.

बायकांच्या ऑलिंपिक वेटलिफ्टिंगची सुरुवात २००० साली सिडनीला झाली. पुरुषांचं १८९६ पासून होतं, हे जाता जाता सांगते. त्याच सिडनीत कर्णम मल्लेश्वरी यांनी कांस्यपदक मिळवलं, ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. ते पदक एकूण २४० किलोंवर ठरलं. दुसऱ्या दिवशी त्यांचे खांदे किती दुखले, हे कुणी विचारलं नाही.

मग आपल्या डोक्यात हे माप बसलं कुठून? टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि ते घाव बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला आलेत. कंबर धरून बसली तरच तिने काम केलं असं घर मानतं. हळूहळू तीही तसंच मानायला लागते. दुखण्याने ताकद येत असती तर धुणंभांडी करणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या बायांच्या कमरा चाळिशीत गेल्या नसत्या. त्या दुखण्याला ना विश्रांती, ना पुरेसं जेवण, ना ठरवून वाढवलेलं वजन. स्नायू भरून यायला हे तिन्ही लागतं. (डाळ, शेंगदाणे, अंडी खा म्हणून सांगते, पण अंडं घरात कुणाच्या ताटात पडतं, त्यासाठी वेगळं सत्र घ्यावं लागेल.)

मला खरी काळजी आहे ती यापुढची. दुखणं चांगलंच असतं असं शिकलेली बाई वाईट दुखणंही सोसत राहते. म्हणून फरक नीट ऐका. दोन्ही मांड्या सारख्या जड, हात लावला की ठणकणाऱ्या, हालचाल केली की थोड्या मोकळ्या होणाऱ्या, हे चालेल. व्यायाम करतानाच उठलेली तीक्ष्ण कळ, सांध्यातली कळ, सूज, एकाच बाजूचं दुखणं, आठवडा उलटूनही न जाणारं दुखणं, हे चालणार नाही. आणि खूप जास्त व्यायामानंतर लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला तर त्याच दिवशी दवाखाना. स्नायू मोडून त्यातली द्रव्यं रक्तात जातात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा वजनं उचलायची, हे तर मुळीच नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा असं म्हटलंय. रोज नाही. आमच्या गटात मध्ये एक तरी दिवस सोडतो आणि आधीचं वजन सहज जमायला लागल्यावरच पुढचं घेतो.

हजेरीच्या वहीत तीन रकाने वाढवा. किती किलो, किती वेळा आणि कुठे दुखतं. पहिले दोन वाचून बाईला तिची वाढ दाखवा. तिसऱ्यात सलग दोन आठवडे एकच सांधा दिसला तर तिचा व्यायाम थांबवा आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा. एकटीला पाठवू नका, ती जाणार नाही.