गायनसेवा व गृहधर्म

(महोत्सवी वर्षात धर्मग्रामाच्या गायकमंडळापुढे केलेले भाषण)



महोत्सवाच्या या मंगल वर्षी गायकमंडळापुढे चार शब्द बोलावेत, अशी विनंती चालकांनी मला केली, तेव्हा संगीताची थोरवी वर्णावी आणि सर्वांस आशीर्वाद देऊन खाली बसावे, असा सोपा मार्ग माझ्यापुढे होता. परंतु मंडळातील एका गृहस्थांनी काही महिन्यांपूर्वी माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला. तो एकट्या त्यांचा नसून येथे बसलेल्या पुष्कळांचा आहे, अशी माझी खात्री झाल्यामुळे आज त्याचाच विचार करण्याचे मी योजिले आहे. हे मी त्यांच्या संमतीनेच बोलत आहे. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही.

हे गृहस्थ अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीत, टॉवेलच्या एका कारखान्यात मागावर काम करतात. दिवसभर मागांचा खडखडाट ऐकून ते घरी येतात, हातपाय धुतात आणि गिटार घेऊन मंदिराची वाट धरतात. वाद्याची विद्या त्यांनी कोणा मोठ्या गुरूकडे घेतलेली नाही. हौसेने शिकले, आणि त्या हौसेचा लाभ आपण सर्व जण वर्षानुवर्षे घेत आलो. रविवारची मिस्सा, नाताळ, पवित्र सप्ताह, पुनरुत्थानाचा सण, मुलांचा प्रथम परमप्रसाद, लग्ने, शेजारच्या धर्मग्रामांचे सण, नाताळगीतांच्या स्पर्धा, या सर्व ठिकाणी ते हजर. एके दिवशी त्यांच्या पत्नी त्यांना शांतपणे म्हणाल्या, "सणाच्या दिवशी आपल्या घरी सगळे असतात, तेवढे तुम्ही नसता." मुलांनी अद्याप समुद्र पाहिलेला नाही. जाण्याचे तीनदा ठरले आणि तिन्ही वेळा मंडळाचा कार्यक्रम आडवा आला. तेव्हा ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "फादर, गिटार खाली ठेवू काय?"

प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्या एका बाजूस देवाची उपासना आहे आणि दुसऱ्या बाजूस देवानेच जोडलेले कुटुंब आहे. दोहोंपैकी कोणतीही बाजू क्षुल्लक म्हणून झटकून टाकता येत नाही.

प्रथम वाद्याविषयी बोलू. काही वडीलधाऱ्या मंडळींस अजूनही वाटते, की गिटार हे नाचगाण्याचे वाद्य. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणादिवशी, पवित्र संगीताविषयी जो आदेश काढला, त्यात पियानो व गोंगाटी वाद्ये मंदिरात निषिद्ध ठरविली होती, हे खरे आहे. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयी जे संविधान प्रसिद्ध केले, त्यात ऑर्गनचा मान राखूनही, उपासनेस साजेल अशा इतर वाद्यांस स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने द्वार मोकळे केले. आपली हार्मोनियम तरी कोठली? तीही युरोपातूनच आली आणि भजनांत अशी मिसळून गेली की आज तिला कोणी परकी म्हणत नाही. वाद्य कोठून आले यापेक्षा ते कशासाठी वाजते, हे पाहावे.

गिटारीच्या साथीने प्रथम गाइले गेलेले एक गीत आज सर्व जगास ठाऊक आहे. 'श्टिले नाख्ट', म्हणजे 'शांत रात्र', हे ते नाताळगीत. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी योसेफ मोर या तरुण सहायक धर्मगुरूने आपली दोन वर्षांपूर्वीची कविता फ्रान्त्स ग्रुबर यांच्या हाती दिली आणि दोन आवाज, गायकवृंद व गिटार यांना साजेल अशी चाल मागितली. ग्रुबर कोण होते? शेजारच्या आर्न्सडॉर्फ गावचे शाळामास्तर. शाळा सांभाळून ते ओबर्नडॉर्फच्या मंदिरात ऑर्गन वाजवीत. त्यांचा जन्म १७८७ साली लिनन विणणाऱ्या घरात झाला, आणि मुलाने मागावरच बसावे अशी बापाची इच्छा होती. विणकराचे घर, पोटाचा उद्योग आणि मंदिरातील वादन, ही तिन्ही सोलापूरकरांस अपरिचित नाहीत. उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घेतली, अशी एक दंतकथा सांगतात. परंतु ग्रुबर यांनी १८५४ साली स्वहस्ते लिहिलेल्या हकिकतीत उंदरांचा उल्लेख नाही. त्याच दिवशी चाल बांधून त्याच रात्री दोघांनी ते गीत गाइले. मोर गिटार वाजवीत होते. दोन आवाज आणि एक साधे वाद्य एवढ्यावर ती उपासना सुंदर झाली. देवाला भपक्याची भूक नाही, हे येथे ध्यानी घ्यावे.

आता आपल्या जवळचा गोमंतक पाहू. पोर्तुगीज अमदानीत तेथील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना अक्षरांबरोबर स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात नाव मिळविलेले अँथनी गोन्साल्विस १९२७ साली माजोर्डा येथे जन्मले; त्यांचे वडील गावच्या मंदिरातील गायनमास्तर होते. त्यांचेच शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली एका चित्रपटगीतातून आपल्या गुरूचे नाव देशभर पोहोचविले. यातून आपण घ्यावयाचे ते एवढेच: जेथे घराघरांतून वाद्य शिकविले जाते, तेथे उपासनेचा भार एका माणसाच्या पाठीवर पडत नाही, आणि जेथे बाप मुलास शिकवितो, तेथे तालमीची वेळ मुलापासून हिरावलेली वेळ ठरत नाही.

आता आपल्या गृहस्थांचा हिशेब मांडू. १९४८ च्या कारखाने कायद्याने, वर्षात २४० दिवस काम करणाऱ्या कामगारास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा ठरवून दिली. पुढे कायदे बदलले, तरी वीसास एक हे प्रमाण राहिले. म्हणजे २४० दिवसांस बारा दिवस. ज्यांची मजुरी कामाच्या मापावर आहे आणि ज्यांना अशी रजा प्रत्यक्षात मिळतच नाही, त्यांचा सुटीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. आमचे गृहस्थ त्या मानाने सुदैवी. पण त्यांच्या बारा दिवसांचे काय झाले? पवित्र सप्ताहासाठी दोन, नाताळासाठी तीन, धर्मग्रामाच्या सणासाठी दोन, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत मंडळाबरोबर दोन, लग्नांत वादनासाठी दोन. अकरा झाले. उरलेला बारावा दिवस मुलाच्या तापात गेला. पत्नीचे माहेर अहिल्यानगर जिल्ह्यात. तेथे ती मुलांना घेऊन एकटीच जाऊन आली. बंधूंनो, हा हिशेब ऐकल्यावर मला त्या माउलीचे म्हणणे तक्रार वाटले नाही. तिने आपल्या धर्मग्रामास सादर केलेले ते एक बिल आहे, आणि ते आपण चुकते केले पाहिजे.

यावर पवित्र शास्त्रात काही मार्ग आहे काय? आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय आपण सहसा वाचीत नाही, कारण तो नावांच्या यादीसारखा दिसतो. दावीद राजाने मंदिरसेवेसाठी २८८ निपुण गायक-वादक नेमले. त्या सर्वांस एकदम रोज उभे केले नाही. चिठ्ठ्या टाकून त्यांचे चोवीस वर्ग केले आणि प्रत्येक वर्गात बारा जण ठेवले. आसाफ, हेमान व यदूथून यांचे पुत्र आपापल्या पित्याच्या हाताखाली सेवा करीत. स्वतः वीणा वाजविणाऱ्या राजाला ठाऊक होते, की वादकालाही घर असते. लूकरचित शुभवर्तमान सांगते, की योसेफ व मरिया दरवर्षी वल्हांडणासाठी यरुशलेमास जात, आणि येशू बारा वर्षांचा असताना तोही त्यांच्याबरोबर, नातेवाइकांच्या व ओळखीच्यांच्या तांड्यात, गेला. पवित्र कुटुंबालाही वर्षाकाठी एक एकत्र प्रवास होता. शिष्य सेवेने थकून आले, तेव्हा प्रभूने त्यांना आणखी काम सांगितले नाही; एकांतात जाऊन थोडा विसावा घ्या, असे सांगितले.

सबब माझा निर्णय मी स्पष्ट सांगतो. रविवारची मिस्सा हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे. पत्नी व मुले हे विवाहित पुरुषाचे कर्तव्य आहे, आणि ते वेदीपुढे विवाहसंस्कारात स्वीकारलेले आहे. वादन ही सेवा आहे. मोठी, गोड, आशीर्वादित सेवा, तरी सेवाच. सेवा व कर्तव्य यांचा विरोध आला, तर सेवेने बाजूस व्हावे. कुटुंबाबरोबर परगावी गेलेल्या वादकाने तेथील मंदिरात बाकावर बसून मिस्सा ऐकली, तर देवाच्या पदरी त्याचे काही कमी पडत नाही. आणि त्या रविवारी आपल्याकडे गिटार नसेल, तर आपण कंठाने गाऊ. देवाने कंठ सर्वांस दिलेला आहे. फक्त तो उघडण्याचे कष्ट आपण घेत नाही.

तथापि याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आळसाला धर्माचा आधार मिळेल. कुटुंबाचे नाव पुढे करून तालमी चुकवायच्या आणि ती संध्याकाळ भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर घालवायची, हा गृहधर्म नव्हे. 'येतो' म्हणून शब्द द्यावा आणि आयत्या वेळी मंडळास तोंडघशी पाडावे, हेही योग्य नव्हे. येणार नसाल तर महिनाभर आधी सांगा. लग्नसमारंभ व स्पर्धा यांची आमंत्रणे सर्वात शेवटी गणा. तेथे टाळ्या अधिक मिळतात म्हणून ती प्रथम गणण्याचा मोह होतो.

आता धर्मग्रामाने काय करावयाचे? जानेवारीत वर्षाचे वेळापत्रक मांडताना प्रत्येक वादकाने आपल्या कुटुंबाच्या सुटीचे दिवस प्रथम लिहावेत, मग मंडळाने आपले कार्यक्रम ठरवावेत. पुनरुत्थानाचा सण २२ मार्च व २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो आणि मुलांच्या परीक्षाही त्याच सुमारास असतात. तेव्हा पवित्र सप्ताहाची तालीम आधीच्या महिन्यात उरकावी. तालमीची वेळ संपली की दिवे मालवावेत. आणि कोणत्याही वाद्याला एकच वादक राहू नये. आज दोन मुली व एक मुलगा गिटार शिकू लागले आहेत. त्यांचे शिक्षक कोण, हे तुम्ही ओळखलेच असेल. त्यांपैकी एक त्यांचीच कन्या आहे.

आपल्या वसाहतीत टॉवेल विणणाऱ्यांस एक गोष्ट मी सांगावयास नको. टॉवेलच्या मागावर ताण्याचे दोन बीम असतात. एकाचे धागे घट्ट ताणलेले, दुसऱ्याचे सैल सोडलेले. घट्ट धाग्यांनी कापडाला बळकटी येते. सैल धागे फणीच्या ठोक्यासरशी वर उचलले जाऊन त्यांचे बारीक फासे होतात, आणि पाणी शोषून घेतात ते हे फासेच. दोन्ही बीम सारखेच घट्ट ताणले, तर कापड निघेल, पण त्याने कोणाचे अंग पुसले जाणार नाही. ज्या माणसाच्या वर्षात एकही सैल धागा नाही, तो कष्टाळू खरा. पण घरातल्यांचे अश्रू टिपण्यास तो उपयोगी पडत नाही.

शेवटी महोत्सव या शब्दाकडे वळतो. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासावे वर्ष पवित्र ठरविले आहे. त्या वर्षी रणशिंग वाजे, जमिनीला विसावा मिळे, आणि प्रत्येकाने आपल्या वतनाकडे व आपल्या कुळाकडे परत जावे, अशी आज्ञा होती. ध्यानात घ्या, वाद्य वाजे ते माणसाला घराबाहेर काढण्यासाठी नव्हे, घरी पाठविण्यासाठी. आपणही हा महोत्सव पताका, मंडप व स्मरणिका यांवर थांबवू नये. ज्यांच्या वादनाने आपले सण गोड झाले, त्यांना त्यांच्या घराकडे काही दिवस परत पाठविणे, हे या वर्षाचे खरे देणे आहे.

त्या गृहस्थांना मी उत्तर दिले, ते येथे सर्वांदेखत पुन्हा सांगतो: गिटार खाली ठेवू नका, मात्र येत्या मे महिन्यातील दोन रविवार ती मंदिरात आणू नका. कोकणात जा, मुलांना समुद्र दाखवा, आणि संध्याकाळी रोझरी झाल्यावर तेथे घरच्यांसाठी एक भजन वाजवा. तेही गायकमंडळच आहे, आणि त्यातले सर्व गायक तुमचे आहेत.

प्रभू येशू ख्रिस्त तुमच्या हातांना कौशल्य, तुमच्या घरांना शांती आणि या धर्मग्रामाला एकमेकांचा भार वाहण्याची बुद्धी देवो. आमेन.