फोटोखालची ओळ

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आपण आजवर डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशा विद्वान मंडळींची भाषणे ऐकली आहेत. मी त्या पंक्तीतला नाही. मी मासिकांसाठी आणि वृत्तपत्रांसाठी फोटो काढतो. बोलण्याची मला सवय नाही, तेव्हा काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्यावे.

आज मंडपात येताना एका पालकांनी मला फाटकापाशी थांबवले. त्यांचा मुलगा बारावीला आहे आणि त्याला माझाच धंदा करायचा आहे. ते म्हणाले, "भाईसाहेब, खरे सांगा, फोटो काढून घर चालते काय?" तेवढ्यात कार्यक्रम सुरू झाला आणि उत्तर राहून गेले. ते आता सर्वांसमोर देतो.

प्रथम हे काम काय आहे ते सांगतो. वृत्तपत्राच्या नोकरीतल्या छायाचित्रकाराला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. माझ्यासारख्या मुक्त छायाचित्रकाराला कामागणिक मानधन मिळते. एखाद्या संपादकांचा निरोप येतो की, धानाच्या रोवणीवर लेख आहे, चार फोटो गुरुवारपर्यंत हवेत. कधी कचारगडच्या यात्रेचे काम असते, कधी इटियाडोह धरणाचे, कधी नवेगावबांधच्या तलावाचे. काम सांगून आले नाही तर आपणच विषय शोधायचा, फोटो काढायचे, संपादकांकडे पाठवायचे आणि वाट पाहायची. मी सुरुवात केली तेव्हा आपला जिल्हा भंडारा होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्या काळात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल मिळे. एका रोलात ३६ फोटो. रोल रात्री घरच्या काळ्या खोलीत धुवायचा, पहाटे प्रिंट वाळवायचे आणि नागपूरला निघालेल्या ओळखीच्या प्रवाशाच्या हाती पाकीट द्यायचे. ३६ पैकी एखादा फोटो छापून आला तरी आनंद वाटे. बरीच पाकिटे 'साभार परत' येत.

आता रोल गेले, काळी खोली गेली. फोटो पाच मिनिटांत मुंबईला पोहोचतो. परंतु तो जसा माझा पोहोचतो तसा दुसऱ्या शंभर जणांचाही पोहोचतो. मानधन मात्र पूर्वीसारखेच अंक निघाल्यानंतर, महिना-दोन महिन्यांनी, आणि पुष्कळदा आठवण करून दिल्यावरच येते. माझे घर पहिली अकरा वर्षे लग्नाच्या आणि पासपोर्टच्या फोटोंवर चालले, हे मी लपवीत नाही. दुकान होते म्हणून मासिकांचे काम करता आले.

परंतु पैशाचा प्रश्न हा या धंद्यातला पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न कोणता, हे मला माझ्या एका चुकीने शिकवले. ती चूक आज आपल्यासमोर सांगावी असे मी ठरवून आलो आहे.

एका मासिकाला बिडी कामगारांवर फोटो हवे होते. आपल्याकडे बिडीचा धंदा किती घरांत आहे, हे मी सांगायला नको. मी एका वस्तीत गेलो. संध्याकाळची वेळ होती. अंगणात एक बाई सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू घेऊन बसली होती आणि तिच्या शेजारी बारा वर्षांची मुलगी मान खाली घालून बिडी बांधत होती. उतरते ऊन तिच्या बोटांवर पडले होते. मी विचारले, "फोटो काढू काय?" आईने मान हलवली. मी सहा फोटो काढले आणि निघालो. प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहिले, "बिडी बांधणारी मुलगी, भंडारा जिल्हा." एवढेच.

अंक निघाला. फोटो पानभर छापला होता. माझे नावही होते. मी तो अंक दुकानात दर्शनी लावला. फोटोखालची ओळ मी नीट वाचलीसुद्धा नाही. पाचव्या दिवशी त्या मुलीचे वडील दुकानात आले. ते रागावले नाहीत. अंक त्यांनी काउंटरवर ठेवला, त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "भाईजान, फोटो खरा आहे. ही खालची ओळ कोणाची?"

त्या ओळीत लिहिले होते की, या अभागी मुलीने शाळेचे तोंडही पाहिलेले नाही.

मुलगी सातवीत होती. वर्गात तिचा पहिला नंबर होता. शाळेतून आल्यावर ती तासभर आईला हात लावीत असे, जसा आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी लावला आहे. अंक शाळेत पोहोचला, मुले चिडवू लागली, आणि ती आठ दिवस शाळेत गेली नाही.

मी मासिकाला पत्र लिहिले. दुरुस्ती छापून आली ती दोन महिन्यांनी, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत. ज्यांनी फोटो पाहिला होता त्यांच्यापैकी ती कोणी वाचली असेल असे मला वाटत नाही. लिहिणाऱ्याने कल्पनेने लिहिले, हा त्याचा दोष. पण मी त्याला रिकामी जागा दिली होती. मुलीचे नाव, तिची इयत्ता, ती काय करते, हे मी विचारलेच नव्हते. मला फक्त तिच्या बोटांवरचे ऊन दिसले होते.

मी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो. मुलगी दाराआडून एवढेच म्हणाली, "चाचा, माझे नाव तरी विचारायचे होते." ती पुढे शिकली. याहून अधिक सांगण्याची परवानगी मी तिच्याकडून घेतलेली नाही, म्हणून येथेच थांबतो.

त्या दिवसापासून माझ्या झोळीत एक वही असते. ज्याचा फोटो काढला त्याचे नाव, गाव, वय, तो काय करीत होता, तारीख, आणि त्याला काय छापलेले नको आहे, हे सारे मी तेथेच बसून लिहितो आणि त्याला वाचून दाखवतो. संपादकांकडे फोटोबरोबर हा मजकूर जातोच. ओळ बदलायची असेल तर मला विचारावे, अशी विनंतीही असते. काही कामे यामुळे हातची गेली. परंतु त्याच वस्तीत मी पुढे वीस वर्षे गेलो आणि मला कोणी दार लावले नाही.

फोटोखालच्या ओळीत आणखी एक नाव असते, ते काढणाऱ्याचे. येथे बसलेल्या मुलींसाठी एक हकीगत सांगतो. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. जन्म १९१३, नवसारी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. त्यांचे पहिले फोटो 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये आले, एका फोटोला एक रुपया मिळाला. आरंभीचे त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात, कारण बाईचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. १९४२ साली त्या दिल्लीस गेल्या. तेथे ब्रिटिश माहिती खात्यात नोकरी करता करता त्या मासिकांसाठी मुक्तपणेही काम करीत. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातले प्रसंग टिपले. १९७० साली त्यांनी हा व्यवसाय सोडला. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ च्या जानेवारीत त्या वारल्या. आज त्या फोटोंखाली त्यांचेच नाव असते.

नावाचा हा प्रश्न कायद्याचाही आहे. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक गोष्ट आहे, जी फार थोड्या नव्या मुलांना ठाऊक असते. आपण आपल्या मनाने काढलेल्या फोटोचे मालक आपण. परंतु कोणी पैसे ठरवून, सांगून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक तो सांगणारा ठरतो. म्हणून काम घेताना दोन ओळींचे पत्र घ्यावे: फोटो एकदाच छापण्यासाठी दिला आहे, मालकी छायाचित्रकाराची राहील, नाव छापावे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर तेही लेखीच द्यावे लागतात, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. १९४७ साली रॉबर्ट कापा, कार्टिए-ब्रेसाँ आणि त्यांच्या सोबत्यांनी 'मॅग्नम' ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली, त्यामागचा एक मुख्य हेतू हा होता की, फोटोचा हक्क काढणाऱ्याकडे राहावा. एवढ्या मोठ्या माणसांनाही त्यासाठी एकत्र यावे लागले. आपण निदान पत्र तरी लिहून घ्यावे.

पालकांना आणखी एक काळजी असते, ती धोक्याची. ती खोटी नाही. दानिश सिद्दीकी यांनी जामिया मिल्लिया इस्लामियातून अर्थशास्त्राची पदवी घेतली, तेथेच जनसंवादाचे शिक्षण घेतले. रोहिंग्या निर्वासितांच्या फोटोंसाठी रॉयटर्सच्या चमूला २०१८ चे पुलित्झर मिळाले, त्या चमूत ते होते. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दकजवळ ते मारले गेले. २०२२ साली कोविडकाळातील भारताच्या फोटोंसाठी जे पुलित्झर मिळाले, त्यात त्यांच्याबरोबर काश्मीरच्या मुक्त छायाचित्रकार सना इर्शाद मट्टू यांचेही नाव होते. मी आपल्या मुलांना युद्धावर पाठवीत नाही. हा धंदा शिकलेल्या माणसाचा आहे, एवढेच मला यातून दाखवायचे आहे. आणि त्यासाठी दूर जायलाच हवे असेही नाही. आपल्या विदर्भातल्या अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षे काढले. लोक नाक दाबून पुढे जातात तेथे ते थांबले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या घरांत काहींना तसवीर या गोष्टीचाच संकोच वाटतो. मी तो हसण्यावारी नेत नाही. मसला सांगण्याचा अधिकार माझा नाही. कोणी नको म्हटले की माझा कॅमेरा खाली येतो, मग तो फोटो कितीही चांगला होणार असो. मात्र एक गोष्ट मनात सलते. ईद आली की मला निरोप येतो: गळाभेटीचा फोटो पाठवा, टोपी दिसली पाहिजे. प्रयोगशाळेत उभी असलेली आपली मुलगी, राइस मिलमध्ये हिशेब लिहिणारा आपला मुलगा, तलावात मासळीचे जाळे ओढणारे ढिवर बांधव यांचे फोटो वर्षभर कोणी मागत नाही. ते आपणच काढून, खाली नीट ओळ लिहून पाठवले, तर काही तरी छापले जातात. माझे जे फोटो मला प्रिय आहेत ते बहुतेक न मागितलेले आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी दोन-चार गोष्टी. पदवी पुरी करा. मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी यांपैकी निदान दोन भाषांत पाच शुद्ध ओळी लिहिता आल्या पाहिजेत. फोटो त्या ओळींवर उभा राहतो. कर्ज काढून महागडा कॅमेरा घेऊ नका. एक विषय घ्या आणि त्याच्याकडे वर्षभर जा. आपल्या जिल्ह्यात सारस आहे. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात उरला आहे. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठी घरटे करतो. शेतकऱ्याला विचारल्यावाचून बांधीत उतरू नका आणि घरट्याजवळ जाऊ नका. लांबून, पुन्हा पुन्हा जाऊन पाहा. पक्ष्याशी ही अदब शिकलात तर माणसाशीही शिकाल.

आज यंत्राला सांगून न घडलेल्या प्रसंगाचेही चित्र तयार करता येते. अशा काळात लोक विचारणार की, हा फोटो कोणी काढला, केव्हा, कोठे, आणि समोरचा माणूस कोण? ज्याच्या वहीत याचे उत्तर असेल त्याचे काम राहील, असा माझा विश्वास आहे.

शेवटी फाटकापाशी भेटलेल्या त्या पालकांना माझे उत्तर. साहेब, घर चालते, पण सावकाश, आणि आरंभी दुसऱ्या कामाचा आधार घेऊन. मुलाला अडवू नका. मात्र कॅमेरा घेऊन देण्याआधी एक वही घेऊन द्या. तो घरी फोटो दाखवायला आला की फोटोतल्या माणसाचे नाव त्याला विचारा. त्याला सांगता आले तर त्याला हा धंदा करू द्या.