खराडीच्या खुणा आणि कॅमेरा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, 'खराडीचे फोटो.' ते क्षणभर थांबले आणि मग अत्यंत सौजन्याने म्हणाले, 'खराडीत फोटो काढण्यासारखे काय आहे?' न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंतातल्या व्याख्यानांचा पायंडा पाडला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर मोठमोठ्या माणसांनी मोठमोठे विषय हाताळले आहेत. तेथे चित्रकलेच्या एका निवृत्त मास्तराने चहाची टपरी आणि इस्त्रीवाल्याचे टेबल यांविषयी बोलावे, हे थोडे चमत्कारिक आहे खरे. पण चिटणीसांच्या प्रश्नाला त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. ते आज द्यावयाचे आहे.

आपण परक्या माणसाला पत्ता सांगतो तेव्हा काय करतो? रस्त्याचे पाटीवरचे नाव सांगत नाही. 'बायपासला उतरा' म्हणतो. खराडीचा हा बायपास एके काळी खरोखरच बायपास होता. नगर रस्त्याने आलेल्या मालमोटारींनी शहरात न शिरता मुंढव्यावरून हडपसरकडे, सोलापूर रस्त्याला जावे, म्हणून तो काढला. आज शहर त्याच्याही पलीकडे वाघोलीपर्यंत गेले आहे आणि बायपास शहराच्या मध्यावर गर्दीत अडकून उभा आहे. नाव मात्र बायपासच. जकात नाक्याचेही तेच. पुण्यातली जकात २०१३ साली बंद झाली, तरी लोक अजून 'जकात नाक्याला थांबवा' म्हणतात. ज्या नगरचा हा रस्ता, त्या नगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले; रस्ता अजून नगर रस्ताच आहे. रस्त्याच्या मध्यावर २०१६ साली बीआरटीचे थांबे उभे राहिले, लोकांनी ते पत्त्यात घेतले, आणि अंगवळणी पडतात न पडतात तोच त्यांतले बरेचसे काढूनही टाकले. माणसाच्या जिभेवर खुणा टिकतात. जमिनीवर टिकत नाहीत. त्या खुणा कशा दिसत होत्या, हे दाखवायला दहा वर्षांनी काही उरेल काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण या उद्योगाकडे मी तिच्यामुळे वळलो.

मी खराडीला राहावयास आलो तेव्हा ती ग्रामपंचायतीची खराडी होती. महानगरपालिकेत ती १९९७ साली गेली. गावठाण, भोवती ज्वारीची आणि भाजीपाल्याची शेते, खाली मुळा-मुठेचे पात्र. माझ्याजवळ आगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो निघत, आणि मास्तराच्या पगारात महिन्याला एक रोल म्हणजे चैनच. तेव्हा प्रत्येक फोटो 'कलात्मक' आला पाहिजे, असा माझा हट्ट असे. संध्याकाळी सूर्य समोर धरावयाचा, पुढचे सगळे काळे पाडावयाचे आणि मागे ढगांचे कोरीवकाम. अशा एका फोटोला एका स्पर्धेत बक्षीसही मिळाले. तो फोटो एका मळ्यातल्या विहिरीचा होता.

पुढे त्या मळ्यावर इमारत झाली. विहीर बुजली. बऱ्याच वर्षांनी त्या मळ्याचे म्हातारे मालक माझ्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, 'मास्तर, तुम्ही आमच्या विहिरीवर फोटो काढायला येत होता. एखादा असंल तर द्या. नातवाला दाखवायचीय. त्यो ऱ्हातो ना, तिथंच हुती. त्याला खरं वाटत नाही.' मी मोठ्या उत्साहाने पेटी उघडली. बक्षिसाचा फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, चष्मा वर केला, खाली केला. विहिरीचे काठ, मोटेची जुनी थारोळी, पायऱ्या, कडेचा उंबर, सगळे काळ्या शाईच्या एका डागात गेलेले. कोठे विहीर आणि कोठे बांध, काही कळत नव्हते. बराच वेळ पाहून ते म्हणाले, 'ढग चांगले आल्यात.' आणि फोटो परत देऊन, चहाही न घेता गेले.

मंडळी, त्यांनी मला नावे ठेवली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर मी पॅरिसच्या आत्जेची चित्रे पुन्हा काढून पाहिली. युजेन आत्जे हा १९२७ साली वारला. तीस वर्षे हा माणूस लाकडी कॅमेरा आणि काचांचे ओझे पाठीवर घेऊन जुने पॅरिस हिंडला. दुकानांच्या दर्शनी बाजू, जिन्यांचे कठडे, अंगणे, चिंध्या वेचणारे. आपल्या चित्रांना तो कलाकृती म्हणत नसे. कलावंतांसाठी केलेली कागदपत्रे म्हणे. १९२० साली त्याने सुमारे २६०० काचा सरकारला विकल्या, त्या पॅरिसच्या गल्लीबोळांची नोंद म्हणून. त्याच्याही आधी, १८६८ ते १८७१ या काळात, ग्लासगो शहरात टॉमस अ‍ॅनन याला एक विलक्षण काम मिळाले. तेथल्या कोंदट वस्त्या पाडावयाच्या होत्या. पाडणाऱ्या मंडळानेच त्याला त्या गल्ल्यांची छायाचित्रे काढावयास सांगितली. पाडण्याआधी पाहून ठेवावे, एवढी बुद्धी तरी त्या मंडळाला झाली. आपल्याकडे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतली शेकडो घरे एका दिवसात गेली. त्यांतल्या कित्येक घरांचा फोटो म्हणून जो उरला, तो लग्नातल्या मंडळींच्या मागे चुकून आलेल्या भिंतीचा. मुद्दाम घराचा फोटो कोण काढतो?

तर मी मुद्दाम काढू लागलो. सपाट, स्वच्छ, सगळे दिसेल असा. ढग आले तर आले.

काय काढतो? काचेच्या उंच इमारती काढणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या जाहिरातीही निघतात. मी त्या इमारतींच्या फाटकासमोरची टपरी काढतो. दुपारी चारच्या सुमारास गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे घातलेली तरुण मुले तेथे उभ्याने चहा पितात, आणि दुसऱ्या दिवशी टपरी दहा हात पुढे सरकलेली असते. कडुनिंबाखाली कोळशाची इस्त्री फिरवणारा. कुंपणाच्या भिंतीत अडकलेला जुन्या शेताचा बांध. गावठाणातली पांढऱ्या मातीची भिंत, तिला टेकलेली नवी मोटारसायकल. या काचेच्या इमारतींचा एक उपयोग मात्र मला छायाचित्रकार म्हणून मान्य केला पाहिजे: सूर्य कलला की त्यांच्यावरून ऊन परत फिरते आणि ज्या पूर्वाभिमुख ओसऱ्यांवर दुपारनंतर कधी ऊन येत नसे, तेथे पाचच्या सुमारास दुसरी सकाळ होते. माणसाच्या दोन्ही बाजूंना सावली पडते. हे दृश्य आमच्या लहानपणी नव्हते.

चैत्र-वैशाखात येथे फोटो काढणे कठीण. पांढरे ऊन, बांधकामांची धूळ, आणि सकाळपासून पाण्याचे टँकर. फरशी बसवणारा बाडमेरकडचा एक कारागीर मला एका टँकरच्या सावलीत भेटला. मी म्हणालो, 'तुमच्या वाळवंटातून आलात, येथे तरी गारवा?' तो हसून म्हणाला, 'मास्टरजी, आमच्याकडे नदी नाही म्हणून पाणी नाही. तुमच्याकडे नदी आहे, तरी टँकर.' माझ्याकडे उत्तर नव्हते. भामा आसखेडचे पाणी पूर्व पुण्यासाठी २०२१ साली आले, तरी टँकर काही गेले नाहीत. मराठीत वाळवंट म्हणजे मारवाडातले तेवढेच नव्हे. नदीकाठच्या वाळूलाही आपण वाळवंटच म्हणतो. पंढरपूरचे वाळवंट सर्वांना ठाऊक आहे, आणि आमची मुळा-मुठा भीमेला मिळून तिकडेच जाते. खराडीच्या काठावर मात्र उन्हाळ्यात जलपर्णीचे हिरवे कातडे पसरते. २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीच्या नदीवर डासांसारख्या किड्यांचे उंचच उंच खांब उठले, त्यांची चलच्चित्रे देशभर फिरली. तेवढे दोन दिवस लोकांनी नदीकडे पाहिले. मी त्याच काठाचा फोटो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, पुलाच्या एकाच कठड्याजवळ उभा राहून काढतो. एकेकटा फोटो अगदी नीरस आहे. बारा एकाखाली एक मांडले म्हणजे पाहणारा गप्प होतो.

एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. कॅमेरा हे निरुपद्रवी यंत्र नव्हे. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांपाशी मी एकदा उभा राहिलो, तेव्हा एक बाई पदर खोचून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, 'अतिक्रमणवाले का तुम्ही? फोटो निघाला की चार दिवसांनी गाडी येते.' मी कॅमेरा पिशवीत घातला. शहराचे काही कोपरे दडलेले असतात ते कोणाच्या लक्षात आले नाहीत म्हणून. काही दडलेले असतात ते तसे राहण्यावरच कोणाची तरी चूल अवलंबून असते म्हणून. दुसऱ्या प्रकारचे कोपरे मी विचारल्यावाचून काढत नाही, आणि काढलेच तर जागा सांगत नाही. चांगला फोटो हुकतो. हुकू द्यावा.

उलटही घडते. एका फाटकावरच्या रखवालदाराने मला दरडावले, 'काका, इथं फोटो बंद आहे.' मी म्हणालो, 'बाबा रे, मी रस्त्यावर उभा आहे आणि तुझ्या साहेबांची इमारत नव्हे, हे लिंबाचे झाड काढतो आहे.' तो लातूरकडचा निघाला. इकडेतिकडे पाहून म्हणाला, 'मग झाडाखाली मला उभं करून एक काढा. आईला पाठवतो. मी कुठं काम करतो ते तिला कळत नाही.' तो फोटो माझ्या संग्रहातला सर्वांत उपयोगी फोटो असावा.

तुम्ही म्हणाल, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मास्तरांची गरज काय? फोटो रोज हजारोंनी निघतात, हे खरे. पण त्यांतला एखादा काढून विचारा, ही भिंत कोणाची, ही गल्ली कोठली, उजवीकडे काय होते? तारीख यंत्र सांगेल. नाव यंत्राला ठाऊक नसते. ते माणसाला विचारावे लागते, आणि माणूस आहे तोवरच विचारावे लागते. विहिरीचे ते मालक आता हयात नाहीत. कडेचा उंबर पाण्याच्या कोणत्या अंगाला होता, हे मी त्यांना त्या दिवशी विचारू शकलो असतो. लाजेने विचारले नाही.

बाहेर मंडपाच्या डाव्या हाताला दोन टेबलांवर चाळीस फोटो मांडले आहेत. सगळे खराडीचे आहेत. बहुतेकांतली माणसे आणि जागा मला ओळखता येत नाहीत. काही तर मला रद्दीच्या दुकानात मिळाले. तुमच्यांत गावठाणातली जुनी मंडळी आहेत, मघाशी मी पाहिली. कोणाला काही ओळखू आले तर फोटोच्या मागे लिहावे. पेन्सिली ठेवल्या आहेत. शाईचे पेन कृपा करून वापरू नये, पुढच्या बाजूला उमटते.