किशोरवयीन मुले, व्यसन आणि आपण पालक
(गुणगौरव समारंभातील भाषण)



पाचवे शील आपण सारे विहारात एका सुरात म्हणतो. दारूविषयी या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले आहे. म्हणून आज आम्ही दप्तरातल्या नशेविषयी बोलणार आहोत.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. हुंगण्याच्या नशेचे प्रमाण १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त अशी ही एकमेव नशा. पदार्थ कोणते? व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्युशन. इतके स्वस्त की घरातले पैसे कमी झाल्याचेही कळत नाही. बँकेत रुपयाचा फरक निघाला तरी आम्ही उठत नाही. इथे हिशेब जुळतो आणि पोर हातचे जाते. हुंगल्याने हृदय अचानक बंद पडू शकते, अगदी पहिल्या खेपेलाही. कपड्यांना येणारा उग्र वास, नाकातोंडाभोवतीचे चट्टे याकडे लक्ष असू द्या.

पण वास येतो तो शेवटी. आधी झोप बिघडते, जेवण तुटते, जुने मित्र सुटतात, पोर चिडचिडे किंवा अगदी गप्प होते. आपण म्हणतो, वयच तसे आहे. कधी तसे असतेही. मात्र हे दोन-दोन आठवडे टिकले, तर ते नुसते वय नव्हे. पुष्कळ मुले मजेसाठी नव्हे, आतली भीती दाबण्यासाठी नशेकडे वळतात.

ही भीती आपल्या घरात कुठून येते? स्पष्टच बोलतो, राग मानू नये. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट दाखवून आपण मुलाला म्हणतो, त्यांनी दिव्याखाली अभ्यास केला, तुला काय कमी आहे? प्रेरणेची तसबीर त्या पोराला धाक वाटू लागते. आज इथे ८५ टक्केवाल्यांचा सत्कार झाला. ५२ टक्केवाला समारंभाला आलाच नाही. तो या क्षणी कुठे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मारून, कोंडून नशा सुटत नाही, लपते. शेजारी बसा, विचारा, आणि मध्ये बोलू नका. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. व्यसनासाठी १४४४६ आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हेच काम करीत आहे. आणि मुलाला तंबाखू वा दारू देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, हे नाक्यावरच्या टपरीवाल्यालाही कळू द्या.

कार्यकारिणीपुढे आमची एक सूचना आहे. पुढच्या वर्षी निमंत्रणे पाठवताना गुणपत्रिका मागू नयेत. दहावी-बारावीला बसलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी दोन सभासदांनी स्वतः जावे, नापास झालेल्याकडे सर्वांत आधी.