आपल्या जुन्या कॉम्प्युटरची निगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसबाईंनी मला केली. मी काही विदुषी नव्हे. सातवीपर्यंतची शाळा आणि पुढे संसार, एवढीच माझी शिदोरी. परंतु मंडळाचे हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे खोलीतल्या त्या जुन्या कॉम्प्युटरशी माझा नेहमी संबंध येतो. त्याची निगा कशी ठेवावी, ह्याबद्दल जे माझ्या हाताखालून गेले तेवढेच आपल्यापुढे मांडते.

ह्या वर्षी कार्यकारिणीत विषय निघाला की, यंत्र फार रेंगाळते, तेव्हा ते भंगारात द्यावे आणि शिलकीतून नवे घ्यावे. आपली शिलक म्हणजे बायकांनी दर महिन्याला घरखर्चातून वाचवून घातलेले पैसे. कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या औषधपाण्याला ती उपयोगी पडते. तिला हात लावण्यापूर्वी यंत्र खरोखरच म्हातारे झाले आहे, की नुसते केराने भरले आहे, हे पाहणे जरूर होते. म्हणून दोन दुपारी मी ते झाडून काढले. पूर्वी ते सुरू होईपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊन होत असे. आता आधण येण्यापूर्वी ते कामाला तयार असते.

आपल्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ आहे. ही प्रणाली २००९ साली बाजारात आली. अशा यंत्रात रोजच्या कामाने बारीकसारीक फायली साचतात. थेंबे थेंबे तळे साचते, तसा हा केर. तो काढण्याची केरसुणी यंत्रातच असते. स्टार्टवर टिचकी मारून शोधण्याच्या चौकटीत ‘डिस्क क्लीनअप’ असे इंग्रजीत लिहावे. यंत्र थोडा वेळ मोजदाद करते आणि यादी दाखवते. त्यातल्या तात्पुरत्या फायली, इंटरनेटच्या तात्पुरत्या फायली आणि चित्रांचे छोटे नमुने काढून टाकण्यास हरकत नाही. रिसायकल बिन, म्हणजे कचऱ्याची टोपली, मात्र आधी उघडून पाहावी. भाजी निवडताना देठांबरोबर चांगली पाने जातात, तसे येथेही होते. ज्यांच्या घरी विंडोज १० आहे त्यांनी अधिक जपावे. २०१८ सालच्या तिच्या एका आवृत्तीत ह्याच यादीत ‘डाउनलोड्स’ ही ओळ आली होती. त्या कप्प्यात पुष्कळांचे जपून ठेवलेले कागद असतात. यादी वाचल्याशिवाय खूण करू नये, हा नियम सर्वांना लागू आहे.

उरलासुरला केर काढण्यासाठी विंडोजचे बटण दाबून धरून आर दाबावा. छोटी चौकट येते. तीत टक्क्याचे चिन्ह, मग टी-ई-एम-पी ही अक्षरे आणि पुन्हा टक्क्याचे चिन्ह लिहून एंटर करावे. तात्पुरत्या फायलींची कोठी उघडते. आधी बाकीची सर्व कामे बंद करावीत आणि मग आतले सारे निवडून काढावे. एखादी फाइल निघत नसेल तर ती वापरात आहे असे समजून सोडून द्यावी.

यंत्र सुरू होताना रेंगाळते त्याचे आणखी एक कारण असते. दार उघडताच दहा पाहुणे एकदम आत शिरावेत, तसे अनेक प्रोग्रॅम न बोलावता चालू होतात. त्याच छोट्या चौकटीत एम-एस-सी-ओ-एन-एफ-आय-जी असे लिहिले की एक खिडकी उघडते. तीत ‘स्टार्टअप’ हे पान पाहावे. नको त्या प्रोग्रॅमची खूण काढली म्हणजे तो आपोआप चालू होत नाही. तो कायमचा पुसला जात नाही. पुन्हा खूण केली की परत येतो. व्हायरसपासून राखणाऱ्या प्रोग्रॅमला हात लावू नये, आणि जे नाव ओळखीचे नाही ते जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय काढू नये.

डिस्कवरच्या फायलींचे तुकडे इकडेतिकडे पांगतात, ते एकत्र लावण्याच्या कामाला ‘डिफ्रॅगमेंट’ म्हणतात. विंडोज ७ मध्ये हे काम बुधवारी रात्री १ वाजता नेमलेले असते. त्या वेळी आपली खोली कुलूपबंद असते, म्हणून मी मधून मधून ते दुपारी चालवते. हे फक्त फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कला करावे. नव्या एसएसडीला त्याची जरूर नाही.

आता हाताशी ठेवण्यासारख्या काही युक्त्या सांगते. माउस बिघडला म्हणून काम अडू नये, एवढ्यासाठी तरी त्या याव्यात. कंट्रोल आणि सी दाबले की निवडलेल्या मजकुराची नक्कल होते, एक्सने तो उचलला जातो आणि व्हीने पाहिजे तेथे ठेवता येतो. विंडोजच्या बटणाबरोबर डी दाबला की साऱ्या खिडक्या खाली बसतात. एल दाबला की यंत्राला कुलूप लागते, परंतु ते पासवर्ड ठेवला असेल तरच खरे कुलूप. कर्जखाते उघडे ठेवून दारात कोण आले हे पाहायला जाऊ नये. अधिक हे चिन्ह दाबले की भिंग येते. चाळिशी घरी विसरलेल्या भगिनींची त्याने चांगली सोय होते. ऑल्ट आणि टॅबने एका कामातून दुसऱ्यात जाता येते. मराठी कीबोर्ड बसवलेला असला की डावा ऑल्ट आणि शिफ्ट दाबून इंग्रजीतून मराठीत येता येते. इन्स्क्रिप्टच्या मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. महिनाभर रोज थोडे टंकले तर सभेचे इतिवृत्त मराठीत लिहिता येते.

यंत्र गोठून बसले तर तारेला हात घालू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. चालू कामांची यादी येते. जे काम उत्तर देत नाही तेवढेच ‘एंड टास्क’ने बंद करावे. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, त्याच्यासाठी डेव्हिड ब्रॅडली ह्या इंजिनिअरने कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट अशी तिकडी बसवली. तीही अजून अशा वेळी कामास येते.

सर्वांत मोलाची जोडी कंट्रोल आणि झेड. आत्ता केलेली गोष्ट ती मागे घेते. पुष्कळ भगिनी ह्या यंत्रापाशी बसायला भितात. ‘माझ्या हातून काही पुसले गेले तर’, असे म्हणून हात मागे घेतात आणि पोराबाळांची वाट पाहत बसतात. त्यांनी ही जोडी आधी शिकावी. मात्र शिफ्टसह डिलीट केलेली फाइल टोपलीत जात नाही आणि झेडनेही परत येत नाही. तेवढे सांभाळले तर भिण्याचे कारण नाही.

आतल्याप्रमाणे बाहेरूनही सफाई हवी. पंख्यावर धूळ बसली की यंत्र तापते आणि तापले की मंदावते. प्लग काढून पेटी ओट्यावर न्यावी, बाजूचे झाकण उघडावे आणि मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. पंखा बोटाने धरून ठेवावा, गरगर फिरू देऊ नये. ओले फडके वापरू नये. विजेची जी बंद डबी असते ती उघडू नये.

घड्याळ रोज मागची तारीख दाखवू लागले तर यंत्र बिघडले असे समजू नका. आत रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. बहुधा सीआर २०३२ ह्या नावाची, ३ व्होल्टची. ती संपली की यंत्र बंद असताना घड्याळ चालत नाही. आपल्या पावत्यांवर जुन्या तारखा छापल्या जात होत्या, त्या बॅटरी बदलल्यावर थांबल्या.

असे असले तरी जुन्या यंत्राची मर्यादा ओळखली पाहिजे. विंडोज ७ ला संरक्षणाची नवी दुरुस्ती देणे कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजी सर्वसामान्यांसाठी बंद केले. विंडोज १० चेही तसेच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. केर काढल्याने यंत्र चपळ होते, परंतु तुटलेली कडी त्याने बसत नाही. म्हणून ह्या कॉम्प्युटरची इंटरनेटची तार मी काढून ठेवली आहे. त्यावर हिशेब, पावत्या, पत्रे आणि इतिवृत्ते एवढेच लिहावे. बँकेचे काम करू नये. बाहेरून आलेला पेनड्राइव्हही विचारल्याशिवाय लावू नये. तार काढली तरी रोग त्या वाटेने शिरतो.

हिशेबाच्या फायलींच्या दोन नकला दोन पेनड्राइव्हवर आहेत. एक मंडळाच्या कपाटात आणि एक चिटणीसबाईंच्या घरी. शिवाय दर महिन्याला कर्जखात्याचा छापील कागद फायलीत लागतो. यंत्र कधी बंद पडले तरी कोणत्या भगिनीचे किती फिटले आणि किती राहिले ह्याबद्दल वाद होता कामा नये.

आणि एक विनंती कार्यकारिणीस करते. पुढेमागे हे यंत्र द्यायचे झाले तर त्याची हार्ड डिस्क काढून घेतल्याशिवाय देऊ नये. फाइल पुसली म्हणजे ती तत्काळ नष्ट होत नाही. तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जाणकार माणूस ती परत काढू शकतो. आपल्या त्या पेटीत सभासदांच्या आधार कार्डांच्या प्रती आहेत, कुणाच्या नडीचे अर्ज आहेत. कुणाच्या घरी काय अडचण होती हे विश्वासाने आपल्याजवळ ठेवलेले आहे. ते भंगाराच्या दुकानात जाता कामा नये.

भगिनींनो, कोठी आवरताना काय टाकावे आणि काय राखावे हे आपल्याला कुणी शाळेत शिकवले नाही. तरी आपण ते रोज करतो. तीच नजर येथे लागते. दर शनिवारी दुपारी ३ वाजता मी खोलीत असते. ज्यांना शिकावेसे वाटेल त्यांनी वही घेऊन यावे. हिशेबाचे काम एकीच्याच हाती राहणे बरे नव्हे. निदान चौघींना तरी ते आले पाहिजे.