प्रोफेसर देवधर आणि आवाजाचे संगोपन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त के. आर. पुरम येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगीत, अध्यापन आणि समुपदेशन ह्या तिन्हींत आयुष्य घालविलेला सेवानिवृत्त प्राध्यापक म्हणून आम्ही आमच्या अनुभवांविषयी बोलावे, अशी कार्यवाहांची इच्छा होती. आम्ही ती अर्धीच मान्य केली आहे. कारण आमच्यापाशी ह्या विषयात जे काही आहे, त्याचा उगम शोधू लागलो की तो मिरजेच्या एका थोर शिक्षकापाशी जाऊन पोहोचतो. त्यांच्यासमोर बसून शिकण्याचे भाग्य आम्हांला लाभले नाही. परंतु त्यांच्या लेखनातून आणि त्यांनी घडविलेल्या माणसांच्या गाण्यातून ते आम्हांला भेटत राहिले. प्रोफेसर बाळकृष्ण रघुनाथ देवधर हे ते शिक्षक. आज प्रामुख्याने त्यांच्याविषयी बोलू आणि मग दूरवाणीनगरच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांकडे येऊ.

देवधरांचा जन्म ११ सप्टेंबर १९०१ रोजी मिरजेस झाला. राणी चन्नम्मा गाडीत रात्री बसले की दुसऱ्या दिवशी आपण जेथे उतरतो, तेच हे मिरज. तंबोरे आणि सतारी करणाऱ्या कारागिरांचे गाव. अब्दुल करीम खाँसाहेबांनी ज्याला आपले घर मानले ते गाव. आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णु दिगंबर पलुस्कर जेथे शिकले तेही हेच. अशा गावी जन्मलेल्या मुलाच्या कानावर गाणे पडणारच. पुढे पलुस्करांनी ह्या मुलाला मुंबईच्या आपल्या गांधर्व महाविद्यालयात नेले. तेथे संगीताची तालीम चालू असतानाच देवधरांनी महाविद्यालयीन शिक्षणही घेतले आणि ते पदवीधर झाले. त्या काळी गवई आणि पदवी ह्यांची गाठ क्वचितच पडत असे.

'प्रोफेसर' ही पदवीसुद्धा त्या काळी फार सैलपणे वापरली जाई. सर्कशीचे मालक आणि जादूगारदेखील आपल्या नावामागे ती लावीत. देवधरांच्या नावामागे मात्र ती शोभली, आणि पुढे १९६० नंतर काही काळ काशी हिंदू विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाची धुरा त्यांच्याकडे आली तेव्हा ती रीतसरही झाली.

१९२५ मध्ये त्यांनी मुंबईत 'स्कूल ऑफ इंडियन म्यूझिक' ही संस्था काढली. ह्याच तरुणाने प्रोफेसर स्क्रिंझी ह्यांच्यापाशी पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केला होता, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. गुरू कोण, तर सभेत आणि चौकात भक्तिगीते गाऊन देशाभिमान जागविणारे पलुस्कर. आणि त्यांचा शिष्य बसला आहे पियानोपाशी, परक्या पद्धतीचे स्वरलेखन शिकत! त्यामुळे त्यांची ग्वाल्हेरची तालीम बाटली काय? मुळीच नाही. उलट, आवाज हा शरीराचा व्यापार आहे, त्याला शास्त्र आहे, आणि ते शास्त्र आपल्याकडील शिक्षकालाही ठाऊक असले पाहिजे, ही जाणीव त्यांच्या ठायी दृढ झाली.

त्यांचा दुसरा मोठा उद्योग संग्रहाचा. घराण्यांच्या भिंती त्या काळी चांगल्याच उंच होत्या. एका घराण्याची चीज दुसऱ्याच्या कानी पडू नये म्हणून गवई जपत असत. देवधर मात्र सर्वांच्या दारी गेले. बडे गुलाम अली खाँसाहेबांशी त्यांचा निकट स्नेह होता. सिंदे खाँ नावाचे विपन्नावस्थेतील, लोक ज्यांना विक्षिप्त म्हणून टाळीत असे गवई होते. देवधरांनी त्यांना जवळ केले आणि त्यांच्यापाशी असलेल्या चिजांचे धन जतन केले. 'थोर संगीतकार' हे त्यांचे पुस्तक ज्यांनी वाचलेले नाही, त्यांनी ते अवश्य मिळवून वाचावे. मोठमोठ्या गवयांची चित्रे त्यात आहेत. भक्तिभाव आहे, पण डोळे मिटलेले नाहीत. 'रागबोध'चे भाग आणि 'संगीत कला विहार' मासिकाचे संपादन ही कामे तर सर्वज्ञात आहेत.

आता त्यांच्या शाळेत आलेल्या एका मुलाकडे वळू. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी गावचा शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा मुलगा १९२४ मध्ये जन्मला. घरची भाषा कन्नड. एका मठाधिपतींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटले आणि तेच नाव पुढे जगाने घेतले. थोरथोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्या हुबेहूब गाऊन दाखवी. सभागृहे थक्क होत. १९३६ च्या सुमारास, अकराबारा वर्षांचा असताना, तो मुंबईस देवधरांच्या हाती आला.

शिक्षकाच्या दृष्टीने ही केवढी अवघड परिस्थिती आहे, ह्याचा विचार करा. सामान्य मुलाला काही येत नसते, म्हणून शिकविणे सोपे. ह्या मुलाला सर्वांचेच येत होते. फक्त स्वतःचे काय, हा प्रश्न होता. आपल्याकडे शिष्याने गुरूची हुबेहूब नक्कल करणे हीच तालमीची परिपूर्ती समजली जाते. इतकी, की गुरूचा अनुनासिक स्वर आणि गाताना वेडावणारे तोंडही शिष्य भक्तीने उचलतो. देवधरांनी त्या मुलावर स्वतःच्या गळ्याचा शिक्का मारला नाही. त्याला नाना घराण्यांचे गाणे ऐकू दिले, चिजा दिल्या, शास्त्र दिले, विचार करण्याची सवय दिली. आणि पुढे त्याच शाळेत त्याला शिकवावयासही बसविले. इतरांना शिकवू लागले की आपल्याला काय कळलेले नाही हे कळते, हा अनुभव ह्या सभागृहातील प्रत्येक शिक्षकाला असेल.

आणखी एक साधा हिशेब. बारा ते पंधरा हे मुलग्यांचा आवाज फुटण्याचे वय. कुमारांचे ते वय देवधरांच्याच छायेखाली गेले. बालगंधर्वपणाने नाव मिळविलेली किती मुले ह्या वळणावर कायमची नाहीशी होतात! हा मुलगा नाहीसा झाला नाही. पुढे १९४७-४८ च्या सुमारास क्षयाने त्यांना गाठले. ते देवासला गेले, डॉक्टरांनी गाणे बंद केले, आणि काही वर्षे तो कंठ मुका राहिला. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा श्वासाच्या त्या मर्यादेत बसणारी, लहान लहान स्वरावलींची, माळव्याच्या लोकधुनांनी भारलेली एक नवीच गायकी जन्माला आली होती. अमुक एका गुरूच्या गळ्याची नक्कल एवढेच ज्याचे भांडवल असते, त्याला हे साधले असते, असे आम्हांला वाटत नाही. अर्थात कुमारांची प्रतिभा कुमारांची. तिचे श्रेय देवधरांना देण्याचा आमचा हेतू नाही, आणि त्यांनीही ते घेतले नसते.

मंडळींनो, कन्नड घरातला एक मुलगा मराठी मुलखात आला, मराठी गुरूपाशी शिकला, पुढे हिंदी मुलखात राहिला आणि भारताचा झाला. आपण त्याच्या उलट दिशेने आलो आहोत. शहाजीराजांच्या जहागिरीपासून बंगळूरशी मराठी माणसाचा संबंध आहे हे खरे, पण के. आर. पुरमच्या ह्या भागात आपली वस्ती वाढली ती १९४८ मध्ये सुरू झालेल्या टेलिफोन कारखान्यासारख्या उद्योगांमुळे आणि आता संगणकाच्या धंद्यामुळे. आपल्या घरी संध्याकाळी एक प्रश्न निघतोच. शेजारच्या कन्नड मावशींकडे मुलगी कर्नाटक संगीत शिकू लागली आहे. आता हिला अभंग आणि नाट्यपद कधी यावयाचे?

ह्यावर आमचे स्पष्ट मत आहे: तिला खुशाल जाऊ द्यावे. कर्नाटक पद्धतीत पहिले पाठ मायामाळवगौळ रागात देतात. त्यात रिषभ आणि धैवत कोमल, म्हणजे आपल्या भैरवाचेच स्वर. ह्या प्रारंभिक अभ्यासक्रमाचे जनकत्व परंपरेने पुरंदरदासांना दिले जाते. सरळे वरिसे म्हणून तेथे जे पलटे घोटून घेतात, तेही तीन काळांत, तालासकट. इतकी पक्की पायाभरणी आपल्याकडील कित्येक वर्गांत होत नाही, हे सांगावयास आम्हांला संकोच वाटत नाही. अशा मुलीला नंतर भूप शिकवावयास आम्हांला फार थोडा वेळ लागतो. मराठी पदातील शब्दांचा उच्चार मात्र घरीच शिकवावा लागेल. 'च' आणि 'ळ' ह्यांसाठी गायनाचा वर्ग नको, आजी पुरते.

आमच्याकडे निवृत्तीनंतर जी माणसे सल्ला विचारावयास येतात, त्यांच्यात गाणे शिकू इच्छिणारे निम्मेच. उरलेली निम्मी आवाजाने गांजलेली असतात. दिवसभर पन्नास मुलांच्या वर्गावर ओरडून घसा बसलेल्या शिक्षिका. रात्री उशिरापर्यंत परदेशाशी फोनवर बोलून सकाळी घोगरे होणारे तरुण. आणि 'तुला आवाजच नाही' असे कोणीतरी लहानपणी म्हटले म्हणून चाळीस वर्षे आरतीतसुद्धा ओठ न उघडलेली प्रौढ माणसे. ह्या शेवटच्या वर्गाची संख्या पाहून आम्हांला आजही विषाद वाटतो.

काही महिन्यांपूर्वी एक तेरा वर्षांचा मुलगा आईबरोबर आला. शाळेच्या समूहगानात तो तीन वर्षे पुढच्या रांगेत होता. ह्या वर्षी आवाज चिरकू लागला, वर्ग हसला, आणि त्याला रांगेतून काढण्यात आले. मुलगा बोलेनासाच झाला होता. प्रश्न विचारला की आईच उत्तर देई. आम्ही त्याला गाण्यास सांगितले नाही. त्याच्या घशात काय चालले आहे, तेवढे कागदावर काढून दाखविले. ह्या वयात स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात; प्रौढ स्त्रीच्या बोलण्यात ते सेकंदाला सुमारे दोनशे वेळा कंप पावतात, तर पुरुषाच्या बोलण्यात शंभरसव्वाशे वेळा. म्हणजे ह्या मुलाचे वाद्यच बदलले जात आहे. सतार काढून घेऊन हाती सरोद दिला तर पहिल्याच दिवशी कोण वाजवील? मुलगा तेव्हा प्रथम आमच्याकडे पाहून म्हणाला, 'म्हणजे मी बिघडलेलो नाही?'

समुपदेशन हा मोठा शब्द आहे. त्या दिवशी तरी त्याचा अर्थ एवढाच होता.

मग व्यवस्था ठरली. गाणे बंद नाही. परंतु तारसप्तकाचा हट्ट बंद. ज्या तीनचार स्वरांत आवाज विनासायास लागतो तेवढ्यातच, रोज दहापंधरा मिनिटे, हलक्या आवाजात. पट्टी दर महिन्याला पुन्हा पाहावयाची. कारण ती खाली सरकत राहणार. उरलेला वेळ पेटी, तबला, स्वरलिपी आणि ऐकणे ह्यांसाठी. आवाज स्थिर होण्यास काही महिने लागतील, क्वचित वर्षही लागेल. मुलींचाही आवाज ह्या वयात बदलतो, पण थोडाच. म्हणून तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आपल्या गणेशोत्सवातील समूहगीत वर्षानुवर्षे एकाच पट्टीत बसविले जाते, कारण पेटीवाल्याला ती सोयीची असते. स्त्रियांचा आवाज साधारणपणे काळी चार, काळी पाचच्या आसपास सुखाने लागतो. पुरुषांचा काळी एक, काळी दोनला. मधली कोणती तरी पट्टी धरली की बायका खाली घुसमटतात, पुरुष वर ओरडतात आणि फुटत्या आवाजाची मुले दोहोंकडून जातात. गीताची कडवी वाटून द्यावीत, पट्टी बदलून म्हणावीत. पेटीवाल्याने थोडा सराव करावा. ह्यास पैसा लागत नाही.

शिक्षकमंडळींसाठी दोन शब्द. वर्गात ओरडण्यापेक्षा मुलांजवळ जाऊन बोलावे. पाण्याची बाटली टेबलावर ठेवावी आणि ती रिकामी करावी. घसा वारंवार खाकरू नये, त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर मध आणि ज्येष्ठमध पुरे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. गायनशिक्षकाने आपली मर्यादा ओळखून रोग्याला वैद्याकडे धाडणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

देवधर १० मार्च १९९० रोजी गेले. त्यांच्यापाशी आवाजाच्या संगोपनाचे शिक्षण घेतलेले डॉ. अशोक रानडे ह्यांनी मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे नेतृत्व केले आणि गायकांबरोबरच नटांनाही आवाजाची शिस्त लावली. तेही २०११ मध्ये गेले. मराठीत ह्या विषयावर लिहिणारे, बोलणारे आता थोडे उरले आहेत. म्हणून मंडळापुढे आम्ही एक लहानशी सूचना ठेवतो. महिन्यातील एका रविवारी सकाळी हे सभागृह दोन तास मोकळे ठेवावे. ज्यांना गावयाचे आहे, ज्यांचा घसा बसला आहे, ज्यांचा आवाज फुटतो आहे, त्या सर्वांनी यावे. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, स्पर्धा तर नाहीच. तंबोरा आम्ही आणू, मिरजेचाच आहे. तो तेरा वर्षांचा मुलगा पेटीला बसावयास तयार झाला आहे, आणि पट्टी ज्याची त्याला विचारूनच धरावयाची, एवढे त्याने आमच्याकडून कबूल करून घेतले आहे.