स्मिता पाटीलचे हात

सिनेमातला अभिनय कसा पाहावा हे रेडिओवरून सांगायचं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण आज जिच्याबद्दल बोलायचंय, ती आपल्या खानदेशची लेक. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे शिवाजीराव पाटील, स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्यात मंत्री. त्यांची मधली मुलगी स्मिता. जन्म पुण्यातला, १७ ऑक्टोबर १९५५ चा.

लोक वडिलांचं नाव आधी घेतात. मला मात्र आईबद्दल, विद्याताईंबद्दल बोलायचंय. विद्याताई नर्स होत्या. नवरा चळवळीत आणि राजकारणात, घरात तीन मुली. नर्सचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे: रोग्याला दरडावून उठवून बसवणारा आणि मग त्याची उशी सारखी करणारा हात एकच असतो. आपल्याकडची माय तरी काय वेगळी? तिचा तोंडाचा पट्टा आख्ख्या गल्लीला ऐकू जातो, पण कळण्याच्या भाकरीवर तेल सोडताना हात आखडत नाही.

ही कडक माया पडद्यावर आणणं महाकठीण. बहुतेक नट-नट्या आधी रागावून घेतात आणि मग डोळ्यांत पाणी आणतात. स्मिता दोन्ही एकदमच करते. हे तिला कुणी शिकवलं असेल, तर ते घराने, असं माझं मत.

जब्बार पटेलांचा १९८२ चा ‘उंबरठा’ काढून बघा. स्मिता त्यात सुलभा महाजन, महिला सुधारगृहाची अधीक्षक. तिथल्या बायका भांडतात, पळून जायला बघतात. सुलभा त्यांना शिस्त लावते आणि त्यांच्याचसाठी वर बसलेल्या कमिटीशी भांडते. सुलभाची सासूही समाजसेविकाच, पण तिची दया सभा-समित्यांमधली. या दोघींच्या वागण्यातला फरक संवादांत शोधू नका. कोण बायकांच्या किती जवळ जाऊन उभी राहते, कुणाचा हात खांद्यावर टेकतो, एवढंच बघा. सिनेमातली आश्रमाची प्रार्थना वसंत बापटांची. बापट राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचे कवी, आणि त्याच कलापथकात स्मिता नाचली-गायली. त्या आश्रमात ती पाहुणी वाटत नाही, त्यात नवल नाही.

आता आवाज. हा तर आपला, रेडिओवाल्यांचा प्रांत! ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची, जीन्सवरच साडी गुंडाळून. श्याम बेनेगलांनी तिला तिथे पाहिलं आणि मग ‘निशांत’, ‘मंथन’, ‘भूमिका’. आवाज जरा जाडसर, खालच्या पट्टीतला. ‘भूमिका’साठी आणि नंतर ‘चक्र’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी ‘मंथन’च्या वेळची एक गोष्ट सांगतात: शूटिंग बघायला आलेल्या लोकांनी हिरॉईन कुठंय म्हणून विचारलं, आणि ती समोरच गावातल्या बायकांत बसलेली होती. गोष्टीला थोडा मीठमसाला लागला असेलही. पण ‘मंथन’मधली बिंदू म्हशीपाशी कशी वावरते ते पाहिल्यावर खोटी वाटत नाही.

१३ डिसेंबर १९८६ ला स्मिता गेली. वय ३१. मुलगा प्रतीक दोन आठवड्यांचा. त्या बाळाला वाढवलं ते विद्याताई आणि शिवाजीरावांनी, आणि तोही पुढे नटच झाला. मुलीच्या पाठीमागे नातवाला उभं करणं त्या बाईला कसं जमलं असेल, यावर कुणी सिनेमा काढलेला माझ्या पाहण्यात नाही. काढायला हवा.

तोवर एवढं करा. ‘उंबरठा’ लावा, त्यातला सुलभा बायकांना रागावते असा एखादा प्रसंग निवडा आणि टीव्हीचा आवाज पार बंद करा. फक्त हात आणि खांदे बघा. मग तोच प्रसंग पुन्हा लावा, या खेपेला डोळे मिटून, नुसता आवाज ऐका. आणि मग घरातल्या एखाद्या जुन्या बाईला विचारा, हे बरोबर केलंय का म्हणून. तिला समीक्षकांपेक्षा जास्त कळतं.